मोठ्यांविना राहिलेल्या मुलांची कादंबरी निराश करू लागली, तर ती कशी वाचावी

मोठी माणसे अचानक नाहीशी झाली आहेत आणि मुलांना आपले आपण निभवायचे आहे, असे कथाबीज असलेली कादंबरी हातात घेताना वाचकाची अपेक्षा नेहमीपेक्षा जास्त असते. ‘घरात मोठे कोणीच नसते तर’ हा खेळ बहुतेकांनी लहानपणी मनातल्या मनात खेळलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही पानांत लेखकाला फारसे काही करावेच लागत नाही. वाचक आपणहून आत शिरतो. बिनसते ते पुढे. मुले मुलांसारखी बोलेनाशी होतात, लेखकाला त्यांच्याकरवी काहीतरी सिद्ध करायचे आहे असा वास येऊ लागतो, भूक-तहान सोयीस्करपणे विसरली जाते आणि शेवटी कोणीतरी मोठा माणूस येऊन सगळे आवरून टाकतो. अशा वेळी पुस्तक मिटून ‘जमले नाही’ एवढेच म्हणणे सोपे असते. पण नेमके काय जमले नाही हे शोधत वाचले, तर फसलेल्या कादंबरीतूनही बरेच काही हाती लागते, आणि कधी कधी ती आपल्याला वाटली तितकी फसलेली नव्हती हेही कळते.

ही वाचनाची पद्धत समजावून सांगण्यासाठी मी मुख्यतः विल्यम गोल्डिंग यांची 1954 सालची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी घेतो. विमान कोसळून एका निर्जन बेटावर अडकलेली ब्रिटिश मुले मोठ्यांविना आपला कारभार चालवू पाहतात आणि तो हाताबाहेर जातो, अशी तिची कथा आहे. इंग्रजी साहित्य शिकलेल्या कित्येकांनी ती अभ्यासासाठी वाचलेली असते, तिचे कौतुक आधीच कानावर आलेले असते आणि म्हणूनच ती प्रत्यक्ष वाचताना अपेक्षाभंग झालेले वाचकही पुष्कळ भेटतात. त्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही. फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित चाळणाऱ्या पहिल्या वाचकानेही ते कंटाळवाणे आणि निरर्थक ठरवून बाजूला टाकले होते. चार्ल्स माँटिथ या नव्याने रुजू झालेल्या संपादकाने ते पुन्हा उचलले नसते, तर पुढे 1983 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाची पहिली कादंबरी आणखी किती दारे ठोठावत फिरली असती कोण जाणे.

आधी हे तपासावे

निराशेचे खापर कादंबरीवर फोडण्यापूर्वी आपण नक्की काय वाचत आहोत, हे पाहून घ्यावे. मराठी वाचकाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण परदेशी बालसाहित्याशी आपल्यापैकी अनेकांची पहिली ओळख संक्षिप्त रूपांतरांतून झालेली असते. संक्षेप करणारा घटना ठेवतो आणि तपशील कापतो. साहसकथेचे त्यात फारसे बिघडत नाही, पण एकट्या पडलेल्या मुलांच्या कथेत पाणी कुठून आणले, रात्री कोण कुठे निजले, धाकट्याचे कपडे कोणी धुतले हे तपशीलच कथा असतात. ते गेले की उरतो तो नुसता सांगाडा. मूळ भाषेतही असे घडते. गर्ट्रूड चँडलर वॉर्नर या अमेरिकन शिक्षिकेने ‘द बॉक्सकार चिल्ड्रन’ ही चार अनाथ भावंडांची कथा 1924 मध्ये लिहिली, पण आज जी सर्वत्र वाचली जाते ती तिने 1942 मध्ये शाळकरी मुलांना स्वतः वाचता यावी म्हणून मोजक्या, सोप्या शब्दांत नव्याने लिहिलेली आवृत्ती आहे. तिच्यातली तुटक, सपाट वाक्ये वाचून जो प्रौढ वाचक नाक मुरडतो, त्याने ही वाक्ये कोणासाठी बेतलेली होती याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट, ही कादंबरी कोणाला उत्तर म्हणून लिहिली गेली आहे का, हे माहीत करून घ्यावे. गोल्डिंग यांच्यासमोर रॉबर्ट बॅलंटाइन यांची 1857 च्या सुमारास आलेली ‘द कोरल आयलंड’ होती. त्या कादंबरीत रॅल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुले दक्षिण प्रशांत महासागरातल्या एका बेटावर लागतात आणि आनंदात, धर्मनिष्ठेने, एकमेकांशी न भांडता राहतात. जे काही क्रौर्य आहे ते बाहेरून येते, चाच्यांकडून आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडून. इंग्लंडमध्ये शाळामास्तर म्हणून मुलांच्या वर्गात दिवस काढलेल्या गोल्डिंग यांना हे पटणे शक्यच नव्हते. त्यांनी आपल्या मुलांना रॅल्फ आणि जॅक हीच नावे दिली, आणि शेवटच्या प्रकरणातला नौदल अधिकारी तर त्या जुन्या पुस्तकाचे नावच घेतो. हा संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकाला कादंबरीतला बराचसा उपरोध ऐकूच येत नाही आणि ती एकसुरी वाटते. अर्थात, आधी दुसरे पुस्तक वाचल्याशिवाय जे पुस्तक पुरते पोहोचत नाही, त्याची ती उणीवच मानावी का, हा प्रश्न वाचकाने खुला ठेवायला हरकत नाही.

घरखर्चाची वही

आता प्रत्यक्ष पद्धत. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर किंवा वेगळ्या कागदावर, किराण्याची वही ठेवतात तशी, मुलांच्या संसाराची नोंद ठेवावी. पात्रांचे स्वभाव, प्रतीके, आशय यांच्या नोंदी आता करू नयेत. मुले किती आहेत, त्यांना पाणी कुठे मिळते, काय खातात, ते कोण मिळवते आणि कोण रांधते, झोपतात कुठे, शौचाला कुठे जातात, आजारी कोण पडते आणि त्याच्याजवळ कोण बसते, पैसे असतील तर किती उरले, आणि कोणी मोठे माणूस भेटलेच तर त्याला काय थाप मारली, एवढेच पानाच्या क्रमांकासह लिहीत जावे.

या नोंदींचा आग्रह धरण्याचे कारण असे की, मुलांना एकटे सोडणाऱ्या कादंबरीने वाचकाशी एक अलिखित करार केलेला असतो. मोठ्यांच्या कादंबरीत स्वयंपाकाचा उल्लेख तीनशे पाने आला नाही तरी आपण धरून चालतो की कोणीतरी स्वयंपाक करत असेलच. इथे ते ‘कोणीतरी’च लेखकाने काढून घेतलेले असते. तेव्हा त्या रिकाम्या जागी काय आले हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते, आणि माझ्या मते या प्रकारच्या कादंबऱ्यांतली बहुतेक निराशा ही जबाबदारी टाळण्यातून येते, मग वरवर तिचे कारण ‘भाषा कृत्रिम आहे’ किंवा ‘वेग मंद आहे’ असे का वाटेना.

नोंद ठेवायला सुरुवात केली की पहिला धक्का अनुकूल बसतो. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये संसाराचा तपशील नाही अशी आपली आठवण असते, पण पाचव्या प्रकरणातल्या सभेत मुलांनी म्होरक्या म्हणून निवडलेला रॅल्फ नेमका तोच वाचून दाखवतो. ओढ्यावरून पाणी आणून नारळाच्या करवंट्यांत भरून पानांखाली झाकून ठेवायचे ठरले होते, ते आता कोणी करत नाही. पहिली झोपडी सगळ्यांनी मिळून बांधली, दुसरीला हात कमी पडले आणि तिसरी रॅल्फ आणि सायमन या दोघांनीच उभारली, म्हणून ती डगमगते. भरतीच्या पाण्याने धुतली जाणारी कातळाची एक ठरावीक जागा शौचासाठी नेमली होती, तरी लहान मुले फळझाडांच्या आसपासच बसतात. धाकट्यांच्या आहाराबद्दलही लेखकाने हातचे राखलेले नाही: ती दिवसभर हाताला लागतील ती कच्चीपक्की फळे खातात, आणि पोटदुखी आणि सततची ढाळ त्यांच्या अंगवळणी पडली आहे. साठ-पासष्ट वर्षांच्या प्रसिद्धीखाली सभा बोलावण्याचा शंख, काठीवर खोचलेले डुकराचे मुंडके आणि पिगी या मुलाचा चष्मा ही प्रतीके एवढी मोठी झाली आहेत की ही साधी, घाणेरडी, खरी पाने लोकांच्या लक्षातच राहत नाहीत. ज्याला कादंबरी प्रतीकांच्या ओझ्याने वाकलेली वाटते, त्याने हे एक प्रकरण वेगळे काढून पुन्हा वाचावे.

तुलनेसाठी जिचा जमाखर्च चोख आहे अशी एखादी कादंबरी शेजारी ठेवावी. सिंथिया व्हॉइट यांच्या 1981 च्या ‘होमकमिंग’मध्ये आई चार मुलांना एका खरेदी संकुलाच्या वाहनतळावर गाडीत बसवून निघून जाते आणि परत येत नाही. थोरली डायसी तीन भावंडांना घेऊन कनेक्टिकटच्या रस्त्याने चालत निघते, आणि तिच्याबरोबर वाचकही प्रत्येक पावाची आणि दुधाच्या बाटलीची किंमत मनात वजा करत जातो. तिथे उत्कंठा पैशातून निर्माण होते. ‘बॉक्सकार चिल्ड्रन’मध्येही मुलांनी कचऱ्याच्या ढिगातून फुटकी भांडी शोधून आणणे आणि दूध गार राहावे म्हणून बाटल्या धबधब्यामागे ठेवणे, हेच भाग वाचकांच्या मनात वर्षानुवर्षे राहतात, श्रीमंत आजोबा भेटतात तो शेवट बहुतेकांना धड आठवत नाही.

वहीतला एक रकाना शेजाऱ्यांसाठी राखून ठेवावा. वाड्यात, चाळीत किंवा गावात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न सर्वांत आधी पडतो: चार पोरे आठवडाभर एकटी आहेत आणि कोणी दार वाजवून चौकशी केली नाही, हे कसे शक्य आहे? बेटावर कथा घडवली की हा प्रश्न उरत नाही, म्हणून तर लेखकांना बेट इतके सोयीचे वाटते. शहरात मुले एकटी ठेवायची, तर शेजार खरोखर नाहीसा करावा लागतो. इयान मॅकइवान यांच्या ‘द सिमेंट गार्डन’मध्ये, ही 1978 ची कादंबरी निखालस प्रौढांसाठीच आहे, रस्त्यासाठी आजूबाजूची घरे पाडलेली असतात आणि तो रस्ता झालेलाच नसतो, चार भावंडांचे घर त्या पडीक जागेत एकटे उभे असते, म्हणून आईचा मृत्यू लपवणे त्यांना जमते. कादंबरी कोणाला आवडो न आवडो, शेजाऱ्यांचा बंदोबस्त लेखकाने पहिल्याच टप्प्यावर केलेला आहे. जिथे शेजारी आहेत, दूधवाला आहे, शाळा आहे, आणि तरीही महिनोन्‌महिने कोणालाच काही कळत नाही, तिथे वाचकाचा विश्वास उडाला तर तो वाचकाचा दोष मानू नये.

गाळलेले आणि सुटलेले

वही भरत आली की तिच्यात रिकाम्या जागा दिसू लागतात. आता खरे काम सुरू होते, ते म्हणजे लेखकाने जाणून गाळलेले कोणते आणि त्याच्या हातून सुटलेले कोणते, हे वेगळे करणे. माझी कसोटी साधी आहे: ही जागा रिकामी आहे हे पुस्तकाला स्वतःला माहीत आहे का?

‘किती मुले’ या रकान्यात ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’पुरता शेवटपर्यंत आकडा भरता येत नाही. घाईत वाचणाऱ्याला हा ढिसाळपणा वाटेल. पण पहिल्या दिवशी पिगी सगळ्यांची नावे लिहून घ्यायला हवीत असे म्हणत असतो आणि त्याचे कोणी ऐकत नाही. लगेच पेटवलेली पहिली आग हाताबाहेर जाते, रान पेटते आणि चेहऱ्यावर मोठा जन्मखूण असलेला एक लहानगा त्यानंतर कोणाला दिसत नाही. तो गेला की नाही, याची खात्री करायची तर यादी हवी, आणि यादी नाही. अखेरीस नौदल अधिकारी कोणी मेले का असे विचारतो तेव्हा रॅल्फ दोनच सांगतो. तो सायमन आणि पिगी यांचीच गणती करत असतो, त्या लहानग्याची नाही. मुले एकूण किती आहेत हेही त्याला सांगता येत नाही. म्हणजे हा आकडा पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या पानापर्यंत मुद्दाम रिकामा ठेवलेला आहे आणि त्या रिकाम्या जागेत एक मूल मेलेले आहे. ज्याने वही ठेवली नाही, त्याच्या नजरेतून ही कादंबरीतली सर्वांत भयंकर गोष्ट निसटून जाते.

आता दुसरे टोक. पिगीच्या चष्म्याच्या काचेने ऊन एकवटून मुले आग पेटवतात. पिगीला लांबचे दिसत नाही, हे कादंबरी स्पष्ट सांगते. लांबचे न दिसणाऱ्याच्या चष्म्याला अंतर्गोल भिंग असते, आणि अंतर्गोल भिंग किरण एकत्र आणत नाही, पसरवते. त्याने वाळके पानसुद्धा पेटणार नाही. ही गफलत पुस्तकाला माहीत नाही, तिच्यावर पुस्तकात कोणी बोट ठेवत नाही, आणि सारे कथानक त्याच चष्म्याच्या चोरीवर उभे आहे. ही सुटलेली गोष्ट झाली. तिने कादंबरी कोसळते असे मला वाटत नाही, पण शाळेत भौतिकशास्त्र लक्ष देऊन शिकलेल्या मुलाने ती दाखवली, तर ‘प्रतीक समजून घे’ असे म्हणून त्याची बोळवण करू नये.

बॅलंटाइन यांची चूक यापेक्षा मजेशीर आहे. प्रशांत महासागर कधी न पाहिलेल्या या स्कॉटिश लेखकाने बेटावरच्या नारळाचे वर्णन ब्रिटनमधल्या दुकानात तो ज्या सोललेल्या रूपात मिळे त्यावरून केले, आणि मुलाने खिशातल्या चाकूने त्याला सहज भोक पाडले. पहारीवर नारळ सोलताना पाहिलेल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला त्या जागी हसू आल्याशिवाय राहणार नाही, कारण सोडणाची ती जाडी हातालाच ठाऊक असते. बॅलंटाइन यांना पुढे ही चूक इतकी लागली की त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय न लिहिण्याचा निश्चय केला, आणि दीपगृहाच्या कथेसाठी ते बेल रॉकच्या दीपगृहात जाऊन राहिले. अशी चूक सापडली की तिचा उपयोग करून घ्यावा: लेखक कुठे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आणि कुठे ऐकीव, याचा तिथून पुढे अंदाज बांधता येतो.

काही जागा लेखकाच्या नव्हे, संपादकाच्या निर्णयाने रिकाम्या होतात. मुले बेटावर नेमकी कशी आली, हे गोल्डिंग यांनी फार थोडक्यात उरकले आहे अशी तक्रार असते. मूळ हस्तलिखितात अणुयुद्ध आणि मुलांचे स्थलांतर यांचा भाग सुरुवातीला होता. माँटिथ यांच्या सांगण्यावरून तो काढला गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो, तरी ज्यांना सुरुवात अधांतरी वाटते त्यांचे म्हणणेही निराधार नाही.

मधला कंटाळा

या कादंबऱ्या बहुधा मध्यावर रेंगाळतात. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये कंटाळ्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: बेटाचे वर्णन पुन्हा पुन्हा येते आणि वाचकाला दिशाच कळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे नकाशा काढणे. बेट साधारण होडीच्या आकाराचे आहे, एका टोकाकडे डोंगर आहे, दुसऱ्या टोकाला बेटापासून जवळजवळ तुटलेला किल्ल्यासारखा खडक आहे, मुले उतरली तिथे विमानाने झाडीत पाडलेला लांब ओरखडा आहे आणि सभेची गुलाबी कातळाची जागा खाजणाच्या काठाला आहे. एवढे चार रेघांत मांडले की कोण कोणापासून किती दूर गेले, आग डोंगरावरून खाली का आणावी लागली, हे सगळे दिसू लागते आणि मघाशी कंटाळवाणी वाटलेली पाने चालू लागतात.

दुसरे कारण खोल आहे. आपल्याला हवे असलेले मूल कादंबरीत सापडत नाही, म्हणून आपण कंटाळतो. मूल एकटे पडले तर ते रडेल, आईची आठवण काढेल, धाकट्याला पोटाशी धरेल, असे आपण गृहीत धरलेले असते. रिचर्ड ह्यूज यांच्या 1929 च्या ‘अ हाय विंड इन जमैका’मध्ये चाच्यांच्या हाती सापडलेल्या भावंडांतला जॉन एका रात्री पडून मरतो, आणि बाकीची मुले त्याचे नावच काढेनाशी होतात. अशा ठिकाणी अनेक वाचक ‘मुले अशी नसतात’ म्हणून पुस्तक ठेवून देतात. त्यापेक्षा ते पान जरा थांबून पुन्हा वाचावे आणि मुले काय बोलत नाहीत याची वहीत नोंद करावी. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मधला पर्सिव्हल हा चिमुरडा कोणी विचारले की शिकवल्याप्रमाणे आपले पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक घडाघडा म्हणतो. हरवलेल्या मुलाला आई-वडील हेच तर पाठ करून देतात. कादंबरी संपताना तो त्या अधिकाऱ्यासमोर उभा राहतो आणि त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. आईसाठी केलेल्या कोणत्याही आक्रोशापेक्षा मला हे जास्त खरे वाटते.

याउलट, मूल जर लेखकाचे भाषण म्हणून दाखवत असेल, तर ती निराशा रास्त समजावी. सायमनशी डुकराचे मुंडके बोलते तो प्रसंग मला आजही ओढूनताणून आणलेला वाटतो. तिथे गोल्डिंग यांनी मुलाला बाजूला सारून स्वतःच बोलायला सुरुवात केली आहे. थोर म्हणून गणलेल्या कादंबरीबद्दलही असे म्हणायला वाचकाने कचरू नये. मुलींचा पूर्ण अभाव हाही असाच एक मुद्दा. आपण स्वतः मुलगा होतो आणि मुलांचा घोळका समाजाच्या छोट्या प्रतिकृतीला जास्त जवळचा असतो, असे कारण गोल्डिंग यांनी दिले होते. पहिला भाग समजण्यासारखा आहे. दुसरा मात्र घरात धाकट्यांना सांभाळलेल्या कोणत्याही थोरल्या बहिणीला पटणार नाही.

मोठी माणसे परततात तेव्हा

शेवटाकडे पोहोचल्यावर मोठी माणसे गेली ते पान आणि परतली ते पान, अशी दोन पाने लागोपाठ वाचावीत. सुटका अचानक झाली एवढ्याने शेवट फसला असे ठरवू नये. अशा कथेत सुटका बहुधा अचानकच असते. परतलेल्या मोठ्या माणसाला मुलांचा जमाखर्च दिसतो का, हे पाहावे. गोल्डिंग यांचा अधिकारी ब्रिटिश मुलांकडून याहून बरी कामगिरी अपेक्षित होती असे म्हणतो, आणि स्वतः मात्र युद्धनौकेवरून आलेला असतो. ती विसंगती लेखकाने आपल्यापुढे उघडी टाकली आहे. ‘बॉक्सकार चिल्ड्रन’मध्ये व्हायोलेट आजारी पडते तेव्हाच मुलांना मोठ्यांची मदत घ्यावी लागते, म्हणून तिथला शेवट गोड असूनही हिशेबात बसतो. जिथे आजार, भूक, पैसा यांपैकी कशाचाही ताण शेवटाला कारण होत नाही आणि पाने संपली म्हणून मामा किंवा पोलीस अवतरतात, तिथे निराशेला पुरावा मिळाला असे समजावे.

खऱ्या घटनेचा आधार घ्यायचा तर

या कादंबरीवर चर्चा निघाली की कोणीतरी प्रशांत महासागरातल्या टोंगा या द्वीपदेशातल्या मुलांचे उदाहरण हमखास देते. 1965 च्या जूनमध्ये टोंगाच्या राजधानीतून एका निवासी शाळेतली सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अटा या निर्जन बेटावर लागली. सप्टेंबर 1966 मध्ये ऑस्ट्रेलियन कप्तान पीटर वॉर्नर यांना ती सापडली तेव्हा त्यांनी भाजीचा मळा केला होता, पावसाचे पाणी साठवायला झाडांचे बुंधे पोखरले होते, आग तेवती ठेवली होती आणि एकाचा मोडलेला पाय इतरांनी बांधून नीट बसवला होता. यावरून गोल्डिंग चुकले असा निकाल देण्याची घाई करू नये. ती सहा जणे एकमेकांचे मित्र होती, एकाच शाळेतली होती, वयाने मोठी होती आणि समुद्राच्या काठी वाढलेली होती; कादंबरीतली बरीचशी मुले एकमेकांना अनोळखी आहेत आणि त्यांत सहा वर्षांची पोरेही आहेत. शिवाय अटा बेटावर मुलांना मिळालेल्या कोंबड्या तिथल्या जुन्या वस्तीच्या मागे राहिलेल्या होत्या, आणि ती वस्ती उठली ती 1863 मध्ये गुलामांसाठी पडलेल्या धाडीमुळे. खरी घटना घ्यावी ती वहीत काय नोंदवायचे हे शिकण्यासाठी. कोंबड्या कुठून आल्या हा प्रश्न कादंबरीलाही विचारता येतो.

सोडावी केव्हा, सांगावे काय

एवढे करूनही पुस्तक पुढे सरकत नसेल, तर ते कुठे सोडावे याचा माझा नियम असा: कादंबरीत पहिले आजारपण किंवा पहिली दुखापत येईपर्यंत वाचावे. मोठे माणूस जवळ नसताना तापाने फणफणलेले मूल, हा या साऱ्या कथाप्रकाराचा कस लागण्याचा क्षण असतो. लेखकाने तो दोन ओळींत गुंडाळला आणि पुढच्या प्रकरणात मूल बरे होऊन धावू लागले, तर पुस्तक निःशंक मनाने परत करावे.

वाचनमंडळात किंवा मित्रांत मत देताना ‘अपेक्षाभंग झाला’ असे मोघम म्हणण्याऐवजी वहीतली एक भरलेली आणि एक रिकामी जागा पानासकट सांगावी. ‘पाण्याची व्यवस्था तिसऱ्या प्रकरणानंतर नाहीशी झाली’ हे विधान कोणालाही तपासता येते, खोडता येते, त्यावर बोलता येते. आणि ज्यांना पुस्तक आवडले आहे त्यांना त्यांच्या आवडत्या पानावर काय शिजत होते, हे जरूर विचारावे. बरेचदा उत्तर देता देता तेच पुस्तक पुन्हा उघडतात.

घरातल्या मुलाला अशी कादंबरी द्यायची असेल, तर आपले मत आधी सांगू नये आणि वहीही लगेच हाती देऊ नये. साधारण दहा वर्षांच्या मुलाला ‘बॉक्सकार चिल्ड्रन’ चालेल, ‘होमकमिंग’साठी आणखी दोन-तीन वर्षे थांबलेले बरे, आणि ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ नववी-दहावीच्या आधी देऊ नये असे माझे मत आहे. ‘द सिमेंट गार्डन’ तर मुलांच्या कपाटात ठेवूच नये. मुलाने पुस्तक अर्धवट टाकले, तर कुठल्या पानावर टाकले तेवढे विचारून घ्यावे.